अंकिताचा सा

अंकिताचा सा पुन्हा घसरला. थोडाथोडका नाही, जिन्याची पायरी चुकावी तसा धाडकन खाली.

समोर पेटीवर विक्रम सर, आणि भोवती शिरूरच्या संगीत महाविद्यालयातले झाडून सगळे शिक्षक. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आज शेवटचा दिवस होता. पुण्याहून शिकवायला आलेल्या सविताताईंची अट सोपी होती: आपला सगळ्यात कच्चा विद्यार्थी आणा आणि सगळ्यांदेखत त्याला सुरात आणून दाखवा. ज्याला जमेल, त्याच्या हाती दौंडची नवी शाखा.

विक्रम सरांनी आपल्या घरच्या शिकवणीतली अंकिता आणली होती. दहावीतली, दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. कॉलेजात तिला कुणी ओळखत नव्हतं.

"सा," सर म्हणाले.

"साऽऽ," अंकिता म्हणाली. तबल्याच्या हौसराव सरांनी सरळ कानात बोट घातलं.

विक्रम सर मात्र हसले. शांतपणे, सगळ्यांना दिसेल असं. "घाई नाही, बाळा. श्वास पोटातून घे." मग ते दोनदा खोकले. "हं, आता म्हण."

"साऽऽ."

तसाच. उलट अजून खाली.

सर पुन्हा दोनदा खोकले. या वेळी जरा जोरात.

"पाणी आणू का, सर?" हौसराव सर म्हणाले, आणि हॉलभर खसखस पिकली.

सरांचं हसू उतरलं. कपाळावर घाम आला. "अगं, लक्ष कुठंय तुझं!" तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सा काही लागेना. शेवटी त्यांनी पेटीचा भाता खाडकन लावून टाकला. "हिच्या गळ्यात सूरच नाही, ताई. काही पोरांच्या नसतोच. अशांना घरी पाठवावं."

अंकिताने मान खाली घातली. हे वाक्य तिच्या घराला नवं नव्हतं.

"आता रुपालीताई," सविताताई म्हणाल्या. "तुमचा विद्यार्थी?"

कोपऱ्यातून रुपाली मॅडम उठल्या. "मला अजून विद्यार्थीच न्हाई, ताई. येऊन महिना झाला." त्या कवठे येमाईच्या. त्यांच्या 'न्हाई'ला कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मग हीच मुलगी घ्या."

"घेते की!"

रुपाली मॅडम अंकिताच्या शेजारी जमिनीवरच बसल्या. पेटीला हातही लावला नाही. "कुठली गं तू?"

"दौंड."

"आन् घर?"

"स्टेशनाला लागूनच."

"म्हंजी दिवसभर इंजिनं! मग भोंगा काढून दाखव बरं. लांबून येणाऱ्या गाडीचा."

अंकिता बघतच राहिली. भोंगा? तो तर तिच्या घरात रोज घुमायचा. तिने डोळे मिटले आणि सोडला. "भोंऽऽऽ..."

कुणी हसायच्या आत मॅडमनी पेटी ओढली. एक पट्टी दाबली, नको. दुसरी, नको. तिसरी दाबली आणि पेटी न् भोंगा एक झाले. असे एक, की भोंगा कुठला न् पेटी कुठली तेच कळेना.

"हा तुझा सा. घरचाच हाय की! पोरीला सुराकडं ओढत न्यायचं कशाला? सूरच उचलून पोरीपाशी आणायचा." मॅडम हसल्या. "आता भोंग्याचं तोंड उघड, आन् 'आ'कार लाव."

अंकिताने तोंड उघडलं. सा लागला. रे लागला. ग, म, प... सूर असा भरत गेला, की हौसराव सरांचं बोट कानातून निघून मांडीवर ठेका धरायला लागलं. सविताताई टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग सगळा हॉल.

दौंडची शाखा रुपाली मॅडमची झाली!

व्हरांड्यात विक्रम सरांनी अंकिताला गाठलं. आवाज दबका, पण चेहरा लालबुंद. "जिल्ह्यात गाण्यात पहिली आलेली पोरगी तू! खोकलो की सुरात यायचं, ठरलं होतं ना आपलं? किती वेळा खोकलो मी!"

"अय्या, सर," अंकिता म्हणाली, "मला वाटलं तुम्हांला सर्दी झालीय."

सर कुणाला सांगणार, आणि काय?

दौंडच्या एसटीत ती अख्ख्या रस्ताभर गुणगुणत आली. घरी पाचवीतली धाकटी बहीण सुषमा खिडकीच्या गजांना धरून, जाणाऱ्या गाडीला भोंगा काढून दाखवत होती. हुबेहूब.

"सुषे, आवर. पुढच्या महिन्यापासून तुझा गाण्याचा क्लास."

"मला कोण घेतंय? विक्रम सर म्हणाले होते ना, हिच्या गळ्यात सूरच नाही, घरी न्या."

"आज मलाही तेच म्हणाले," अंकिताने तिला खिडकीतून खाली ओढलं. "मी तिथं तुझ्यासारखीच गात होते."