पैकीच्या पैकी

नातीच्या वर्गशिक्षिका मला म्हणाल्या, "आजी, उताऱ्यात लिहिलेलं तिला बरोबर सापडतं हो. न लिहिलेलं कळत नाही. स्वमताचे मार्क तिथेच जातात." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिला घेऊन बसते. माझ्या पलंगाला चिकटूनच तिचं टेबल आहे. तिच्या बापाकडूनही मी एके काळी असेच उतारे सोडवून घेतले होते.

पुस्तकातले उतारे संपले, तेव्हा एक मी मनानेच सांगितला. एक म्हातारी होती. मुलाला मूल झालं, तशी ती आपलं घर मोडून त्याच्याकडे राहायला आली. तान्ह्या नातीला तिने मांडीवर वाढवलं. आता नात मोठी झाली आणि मुलगा म्हणतो, "आई, वृद्धाश्रमात तुला जास्त आराम मिळेल."

उतारा मी तिथेच थांबवला. वाटलं, पोरीला कळलं तर बापाजवळ शब्द टाकेल. माझं तो ऐकत नाही, पण तिचा शब्द कधी खाली पडू देत नाही.

"म्हातारीला पाठवावं का? तुझं मत कारणासह लिही."

पेन्सिल चावत ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. मग तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"पाठवावं. कारण नातीला स्वतःची खोली हवी आहे."

 

खोलीबद्दल उताऱ्यात अवाक्षरही नव्हतं. मी पैकीच्या पैकी मार्क दिले.