मास्तरांची खरी जागा

मास्तरांच्या बायकोला दुकानाच्या पायरीवर बघताच चष्मेवाल्याने गिऱ्हाइकाच्या नाकावर नवी फ्रेम तशीच सोडली आणि तो बाहेर आला. वहिनींच्या पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतल्या चपला होत्या.

मास्तर सकाळी गळ घेऊन समुद्रावर गेले होते. जेवायच्या वेळेला परत यायचे, ते अजून आले नव्हते. फोन लागत नव्हता आणि भरती सुरू झाली होती. वहिनी मोडक्या धक्क्यापर्यंत धावत जाऊन आल्या होत्या, पण टोकाकडे जाणारी वाट पाण्याखाली गेली होती, हाका वाऱ्याने नेल्या होत्या. त्यांना बोट हवी होती. बोटवाला चष्मेवाल्याच्या ओळखीचा, म्हणून त्या इथे आल्या होत्या.

"धक्क्यावर कशाला?" चष्मेवाल्याने विचारलं.

"तिथेच बसतात ना हे. टोकाला, खडकांत."

चष्मेवाल्याला अशाही वेळी हसू आलं, ते त्याने गिळलं. बिचारीला काय ठाऊक.

आता हे गळवाल्यांचं शास्त्र बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. गळ टाकणारा एक वेळ आपला पगार खरा सांगेल, वय खरं सांगेल, पण मासा कुठे लागला ते मेला तरी खरं सांगणार नाही. जागा फुटली की संपली. आणि मास्तरांच्या घरी तर मेहुणा राहायचा, वहिनींचा धाकटा भाऊ. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. म्हणून घरी आपण भलतीच जागा सांगतो, हे मास्तरांनी स्वतः चष्मेवाल्याला हसत हसत सांगितलं होतं. खरी जागा म्हणजे किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, दीपगृहाखालचा काळा खडक. मास्तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही हं." चष्मेवाल्याला आजवर कुणी विश्वासाने काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तो घरी गेला तो शीळ घालतच.

पुढे त्या खडकावर तो स्वतःही कितीदा बसला. एकदा खेकडा लागला, एकदा कुणाची तरी पँट. मास्तर मात्र पिशवी भरून आणायचे. "तुझ्या हाताला यश नाही रे," ते म्हणायचे, आणि चष्मेवाल्याला ते पटायचं. बरोबर जाऊ म्हटलं तर म्हणायचे, खडकावर दोन माणसं दिसली की मासा बिथरतो. तेही पटायचं.

आता हे वहिनींना सांगायचं कसं? शब्द दिला होता. पण भरती काही शब्द पाळत थांबणार नव्हती. त्याने सांगून टाकलं.

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "म्हणजे धक्का खोटा?"

"तसं नाही हो वहिनी. ते आपलं, तुमच्या भावामुळे."

"इतकी वर्षं मला खोटं सांगत होते?"

बोटीपर्यंतच्या वाटेत त्या तेच तेच बोलत राहिल्या. दर रविवारी डबा हातात देताना मी विचारायची, कुठे बसणार आज, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून धक्का म्हणायचा. भावाला मी सांगितलं असतं का? बायकोवर एवढाही भरवसा नाही? नवऱ्याचा पत्ता नसताना असा राग येऊ नये, हे त्यांना कळत होतं, तरी तो येत होता. चष्मेवाल्याला त्यांची दया आली आणि खरं सांगायचं तर आतून थोडं बरंही वाटलं.

बोटवाल्याने दोर सोडताना विचारलं, कुठे घेऊ? धक्का डावीकडे, दीपगृह उजवीकडे, मध्ये सगळा किनारा. दोन्हीकडे जाईपर्यंत पाणी थांबणार नव्हतं. वहिनींनी डावीकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, तरीपण एकदा धक्का बघून घेऊ.

"वहिनी, तिकडे वेळ घालवाल तर इकडे खडक बुडेल," चष्मेवाला म्हणाला. "मला सांगितलंय त्यांनी. मला."

वहिनींनी डोळे पुसले. "भाऊजी म्हणतात तिकडे चला."

दीपगृहाखाली लाटा खडकाच्या कमरेपर्यंत आल्या होत्या. माणूस दिसेना. चष्मेवाल्याने खडकाला एक फेरी मारायला लावली, मग दुसरी. वरच्या कपारीत चढले असतील म्हणाला. घसा बसेपर्यंत हाका मारल्या. कपारीतून चार पक्षी उडाले, बाकी काही नाही. मग बोटवाला म्हणाला, पर्यटकांना घेऊन मी रोज इथून जातो, इथे गळ टाकताना तुमच्याशिवाय कुणी दिसलेलं नाही मला.

"दिसेल कसं?" चष्मेवाला त्याच्यावर खेकसला. "गुपित जागा आहे ती."

बोटवाल्याने बोट धक्क्याकडे वळवली.

धक्क्याच्या टोकाशी पोचले तेव्हा उन्हं उतरली होती आणि भरती पुरी झाली होती. मास्तर तिथेच होते. एक पाय खडकांच्या फटीत घट्ट अडकलेला, डोक्यावर जेमतेम वीतभर पाणी. बोटवाल्याने वाकून त्यांना चाचपलं आणि हळू आवाजात म्हणाला, फार वेळ झालेला नाही. वहिनी पाण्यात हात घालून नवऱ्याच्या केसांवरून फिरवत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, बघवणार नाही असं समाधान होतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मला खरंच सांगत होते हो हे."