दोघांची ॲसिडिटी
"घे, माझं सगळंच घे," दवाखान्याच्या बाकावर ती भावाला म्हणाली. "आधी गाडी घेतलीस, आता ॲसिडिटीपण."

दादानं तिच्याच पर्समधली सिरपची बाटली काढली आणि एक घोट मारला. "माझी गुणी आहे गं, बारके. पोटातून भसकन वर येते, पण घोटभर घेतलं की मिनिटात गायब. तुझी बघ, ठाण मांडून बसते."

तिला हसू आलं नाही. व्हॅन तिची होती. पडदे शिवायचे, दांड्या टपावर बांधायच्या, घरोघरी जाऊन बसवून द्यायचे, सगळा धंदा त्या चार चाकांवर. मग फिट यायला लागल्या आणि गाडी बंद. दादा स्वतःची चांगली नोकरी सोडून स्टिअरिंगवर बसला. आणि ही शेजारी तोंड फुगवून. गिअर असा टाकतात का, वळण गेलं, दांड्या वाजतायत. एक दिवस सुखानं गाडी चालवू दिली नाही त्याला.

बरं, फिटच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, तर पथ्यपाणी कुणी सांभाळलं? यानंच. गोळी आणि सिरप एकदम घ्यायचं नाही, म्हणून अलार्म याच्या फोनवर. झोपताना डोकं उंच हवं, म्हणून पलंगाखाली ठोकळे यानं लावले. फिट येऊन पडली तर लागू नये, म्हणून खाली गादीही यानंच टाकली. तिच्या जोडीनं फिकं जेवायचासुद्धा.

दादा बाहेरच थांबला. आत डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "जळजळ रेंगाळते?"

"तास तास. जेवून आडवं झालं की जास्तच."

"मग ॲसिडिटीच. खात्री करून घ्यायची होती. काहींना फिटच्या आधी पोटातून असंच वर चढतं, मिनिटभरात जातं, आणि मधलं, कधी थोडं आधीचंही, काही आठवत नाही. तुमचं तसं नाही. वर्षभर फिटही नाही. चालवा गाडी."

शेवटचे दोन शब्द ऐकले आणि बाकीचं तिच्या डोक्यातून उडूनच गेलं.

गाडीत बसल्या बसल्या तिनं सांगून टाकलं. दादानं स्टिअरिंगवर थाप मारली. "सुटलो बाबा. उद्यापासून मी मागे पडद्यांवर झोपणार, मॅडम चालवणार."

सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. आत्ता नाही बोलले तर कधीच नाही, असं तिला वाटलं.

"दादा, मी फार वाईट वागले रे. राग फिटचा होता, काढला तुझ्यावर. नोकरी तू सोडलीस आणि उपकार मी केल्यासारखी बसायचे. एकदा विचारलंसुद्धा नाही, तुला काय वाटतं ते. माफ कर मला."

तो समोरच बघत राहिला. आवंढा गिळला, परत गिळला. बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती. रडू आवरतोय बिचारा, तिला वाटलं. तिचेही डोळे भरून आले.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले.

"चल की रे आता. घरी जाऊन रड."

त्यानं डोळे मिचकावले, घाईघाईनं गिअर टाकला आणि रिकामा हात तिच्यापुढे केला. "सिरप दे गं, परत वर आलं." मग तिच्या ओल्या डोळ्यांकडे बघून त्याचा चेहराच पडला.

"का गं? काय म्हणाल्या डॉक्टर? गाडीला नाही म्हणाल्या?"