तीन देश, दोन पँटी

कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून निवृत्त झालेल्या भटूआप्पांनी युरोपच्या सहलीचं नक्की केलं, तेव्हा बायकोनं, उषाबाईंनी, एकच अट घातली. ओळखीचं एकही माणूस सोबत नको. चाळीस वर्षं सुट्टी म्हणजे धुळ्याकडचं कुणाचं तरी लग्न आणि डोक्यावरून न ढळणारा पदर! आता मात्र चौटा बाजारातून गुपचूप आणलेल्या दोन पँटी बॅगेच्या तळाशी, साड्यांखाली दडून बसल्या होत्या.

रोज दुपारी पांडेसऱ्यातल्या त्यांच्या घराचं दार आतून लागे आणि तालीम सुरू होई. सोफा म्हणजे पॅरिस, फ्रिज म्हणजे स्वित्झर्लंड आणि गॅलरीचा उंबरा ओलांडला की रोम. पँट घातलेल्या उषाबाई लाजत, खिदळत एकेक देश पार करत आणि आप्पा शिट्टी मारून म्हणत, "चाल बिनधास्त! तठे कोन वळखस आमले?"

निघायच्या आठ दिवस आधी सहलवाल्यांनी सगळ्या प्रवाशांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. त्यातलं तिसरंच नाव वाचून उषाबाई मटकन सोफ्यावर, म्हणजे पॅरिसमध्येच बसल्या. पलसाण्याच्या विहीणबाई! लेकीच्या, हर्षदाच्या सख्ख्या सासूबाई!

"संपलं सगळं," म्हणत त्यांनी दोन्ही पँटी बॅगेतून काढून कपाटात कोंबल्या. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर नाही, विहीणबाईंनी खास त्यांनाच लिहिलं होतं :



"ताई, पोरांना सांगणार नसाल तर एक विचारते. पँटवर मंगळसूत्र मोठं शोभेल की छोटं?"