उभ्याने सोललेली केळी

चौथ्या मिनिटाला नकाबुगो आत्याने खुनी पकडला.

पडद्यावर धाकटी सून उभ्या उभ्याच मटोकेची, म्हणजे शिजवून खायची, हिरवी केळी सोलत होती, एवढंच. अजून कुणी मेलं नव्हतं, कुणी कुणावर डोळेसुद्धा वटारले नव्हते. तिसऱ्या बाकावरून आत्या गरजली, "हीच मारणार म्हाताऱ्याला! उभ्याने केळी सोलणारी बाई घराचं भलं करील होय?"

युगांडातल्या मसाकात केळी खाली बसूनच सोलायची रीत. अख्खा व्हिडिओ हॉल माना डोलावू लागला.

मागच्या बाकावर कायोंडोने कपाळाला हात लावला. सिनेमा त्याने काढलेला. त्यातली खुनी सून झालेली नालुबेगा त्याच्या शेजारीच डोक्याला फडकं गुंडाळून बसली होती. तिच्याशी त्याचं लग्न व्हायचं की नाही, हे त्याच्या या आत्याच्या शब्दावर होतं, आणि आत्याने तिला अजून पाहिलंही नव्हतं. आधी सिनेमा आवडू दे, मग मुलगी दाखवू, असा बेत. कंपालाच्या पेपरात तर छापून आलं होतं की खुनी कोण, हे शेवटच्या मिनिटापर्यंत देवालाही कळत नाही. तो समीक्षक बहुधा खानावळीत जेवणारा असावा.

पडद्याशेजारी माईक घेऊन मुत्याबा इंग्रजी सिनेमा लोकांच्या लुगांडा भाषेत सांगत होता. रहस्य फोडू नकोस म्हणून कायोंडो सकाळीच त्याच्या हातापाया पडला होता. भला माणूस, शब्दाला जागला. "अहो आत्याबाई, पोरीचे गुडघे दुखतायत," त्याने माईकवरूनच सारवासारव केली.

"मग सासऱ्याला वाढताना बरी वाकते! तुला फितवलंय वाटतं तिनं?"

त्यानंतर म्हाताऱ्यापुढे ताट आलं रे आलं की हॉल ओरडायचा, "आजोबा, खाऊ नका!" एक गवंडी तर उठून पडद्यावर हात आपटून आला. कंपालात लोकांनी हा सिनेमा श्वास रोखून पाहिला होता. इथे सगळा श्वास ओरडण्यातच गेला. तरी म्हाताऱ्याने शेवटी खाल्लंच, आणि बायका खऱ्याखुऱ्या रडल्या.

दार उघडलं, दुपारचं ऊन आत आलं. आत्या वळली ती थेट नालुबेगासमोरच. नालुबेगाने रीतीप्रमाणे गुडघे टेकले. निघालेले लोक जागीच थबकले.

"तूच ना गं ती?"

"हो, आत्या."

"काम झकास केलंस. उभ्याने सोलायचं कुणी शिकवलं?"

"मी! मीच सांगितलं," कायोंडो घाईघाईने मध्ये पडला. "खुनी वाटायला हवी ना!" स्वतःच्या रहस्याची त्याने स्वतःच्या तोंडाने माती केली. प्रेमापुढे सिनेमा काय चीज आहे!

नालुबेगाने मान वर केली. "नाही, आत्या. मी घरीपण तशीच सोलते."

कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. कायोंडोने डोळे मिटले.

आत्याने मध्ये पडलेल्या भाच्याकडे एकदा पाहिलं, काय ते ओळखलं आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग हाताला धरून उठवलं.

"उद्या माझ्या चुलीवर तूच स्वयंपाक कर. पहिला घास याला घालू," ती भाच्याकडे बोट करत म्हणाली. "जगला, तर लग्नाची तारीख काढू."