मान खाली

अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि खुशालरावाच्या ओसरीवर मुंबईचे व्यापारी येऊन बसायला लागले. त्यांच्यापुढं त्याची बायको जमुना पाणी घेऊन आली, ती हनुवटी वर करून. व्यापारी गेल्यावर त्यानं तिचं डोकं जात्यावर आपटलं.

"कावं, कोनाले माज दाखवून राहिली?"

फुटलेली भुवई शिवायला अकोल्याहून जर्राह आला. त्यानं जमुनाच्या पापण्या बोटानं उचलून पाहिल्या.

"माज नाही, पाटील. इच्या पापण्यायत जोरच नाही, डोळ्यावर पडूनच राह्यतात. हनुवटी उचलली तरच इले दिसते."

"मंग उपाय?"

"पापणीची कातडी कातरून वर शिवतो."

"मान खाली ठेवून दिसन?"

"दिसन."

"कातर."

दोन गड्यांनी तिचे हात दाबून धरले.

पट्ट्या सुटल्यावर जमुना चुलीपुढं बसून विळ्यानं पऱ्हाट्या तोडत होती. खुशालराव आत आला. तिनं वर पाहिलं. ते टक्क उघडे डोळे बघून त्याचं टाळकं सरकलं.

"आता डोळे वटारतं मायावर?"

लाथेसरशी विळा तिच्या हातातून उडाला. त्यानं तिची मानगूट धरून मान खाली दाबली.

पण आज मान वाकवूनही तिला सगळं लख्ख दिसलं. त्याचे पाय दिसले, आणि पायांशेजारी पडलेला विळा.

जर्राहाला पुन्हा बोलावणं गेलं, खुशालरावाचं पोट शिवायला. या खेपेला त्याचा दोरा पुरला नाही.