“हत्ती कसा देऊ जी?”

“इथी हत्ती द्यायचा होता, पोचू!” गुणवंतरावांनी पटावरच्या त्या घरावर बोट आपटलं. “राजासमोरचं प्यादं हत्तीनं मारायचं. राजानं हत्ती मारला का वजीर पुढं, अन् मात. डाव तुझ्या हातात होता!”

“दिसलं होतं जी मले,” पोचू म्हणाला.

“मंग?”

“हत्ती कसा देऊ जी?”

गुणवंतराव मास्तरांनी कपाळावर हात मारला. आलापल्लीच्या शाळेच्या पडवीत दर रविवारी दुपारी बुद्धिबळ मंडळ भरायचं. सगळ्यांचे डाव चाल-न्-चाल वहीत उतरवून घ्यायचे आणि हरलेल्याला समोर बसवून त्या डावाची चिरफाड करायची, हा मास्तरांचा शिरस्ता. बाकीचे सुधारले. पोचू मात्र ढिम्म. तो जंगल खात्याचा माहूत. सागाचे ओंडके ओढून दमलेल्या जमुना हत्तिणीला नाल्यावर घासूनपुसून न्हाऊ घालायचा आणि तिचं पोट भरल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. पटावर घोडे गेले, उंट गेले, अगदी वजीर गेला तरी गडी हसतमुख. हत्तीला तेवढा धक्का लागू द्यायचा नाही. त्यापायी हातातोंडाशी आलेले डाव मातीत जायचे.

“अरे, लाकडाचा हाय तो!”

“लाकडाचा हाय. पन हत्ती हाय ना जी.”

मंडळाचे चिटणीस भैयाजी इतका वेळ गुमान ऐकत होते. आता त्यांचं डोकं फिरलं.

“महाशिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेत चांदावाल्यांशी सामना हाय,” ते म्हणाले. “तिथीबी हा असाच हरला, तर याच्या जागी दवाखान्याचा कंपाउंडर बसंन. मास्तर, तुम्हीच आनलं याले, तुम्हीच सांगा समजावून.”

पोचूचा चेहरा उतरला. सहा दिवस जंगलात राबणाऱ्या त्या माणसाला रविवारचा पट म्हणजे जीव की प्राण. त्याची जागा गेली असती तर गुणवंतरावांना स्वतःचीच गेल्यासारखं वाटलं असतं.

मास्तर इरेला पेटले. लागोपाठ पाच रविवार त्यांनी पोचूचे जुने डाव पुन्हापुन्हा मांडले. समजावलं, दटावलं, चहा पाजला. एकदा तर हत्ती उचलून खिशात टाकला आणि त्या घरात काड्यापेटी ठेवली.

“आता दे ही पेटी!”

पोचूनं पेटीकडं पाहिलं, मग मास्तरांच्या फुगलेल्या खिशाकडं पाहिलं.

“हत्तीच्या जागी उभी हाय ना जी ते,” तो ओशाळून म्हणाला.

छप्पन सालची ती महाशिवरात्र. लाकडाच्या ट्रकमध्ये बसून मंडळी मार्कंड्याला पोचली. वैनगंगेच्या काठी जत्रेचा गलबला, आणि एका आंब्याखाली चार पट मांडलेले. पोचूच्या समोर आले चांद्याचे दादाजी वकील. कोटाचं बटण लावत त्यांनी या अनवाणी माहुताकडं असं पाहिलं, की भैयाजींनी तिथंच आशा सोडली.

आणि तासाभरानं पोचू जिंकला! एक प्यादं पार शेवटच्या घरात नेऊन त्यानं त्याचा वजीर केला आणि वकिलांना मात दिली. गुणवंतरावांना आनंदानं रडूच यायचं बाकी राहिलं होतं.

दादाजी वकील मोठ्या मनाचे निघाले. “मानलं बुवा,” ते म्हणाले. “मी हत्ती फुकट पुढं केला होता. दहा वर्षांत ज्यानं ज्यानं तो मारला, तो तो मेला. यानंच तेवढा नाही मारला.”

मग काय विचारता! मास्तरांनी तिथंच डाव पुन्हा मांडला. भोवती गर्दी जमली. “पाहा, हा वकीलसाहेबांचा हत्ती. पोचूच्या वजिरानं तो मारला, तर वजीर राजाजवळून हलला. मंग घोड्याचा शह, अन् पुढच्या चालीले मात. पोचूनं हे सगळं आधीच ओळखलं, अन् वजीर जागचा हलवला नाई. याले म्हनते डोकं! पाच रविवार मेहनत केली आम्ही.” भैयाजींनी पोचूच्या पाठीवर थाप मारली आणि जागा त्याचीच, असं दहाजणांदेखत सांगून टाकलं. पोचू लाजून जमिनीकडं पाहत होता.

पुढल्या रविवारी मास्तर आधी येऊन बसले. हा डाव वहीत सुवाच्य अक्षरात लिहायचा होता. लिहिता लिहिता त्यांनी सहज मागची पानं चाळली आणि त्यांचा हात थांबला. पोचूचे सतरा डाव. आपला हत्ती त्यानं कुठं द्यायला हवा होता, ते प्रत्येक पानावर तांबड्या शाईत लिहिलेलं. पण त्या सतरा डावांत पोचूनं समोरच्याचासुद्धा एकही हत्ती मारलेला नव्हता. इतके रविवार घालवून मास्तरांच्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पोचू आला. मास्तरांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“खरं सांग लेका. वकिलाचा तो सापळा तुले दिसला होता?”

“कोनता सापळा जी?”

“मंग त्याचा हत्ती काऊन नाई मारला?”

मास्तरांसारख्या शिकल्या माणसाला हे सांगावं लागतं, याचंच पोचूला नवल वाटलं.

“गुरुजी,” तो हळूच म्हणाला, “त्या हत्तीचाबी कोनी माहूत असंनच ना.”